आधी देऊळ सावरले

माउली, वारीच्या वाटेवर विसाव्याला टेकले की शेजारी बसलेले कोणी तरी हमखास म्हणते, “यंदा धाकटीचे लग्न उरकले की सुटलो, मग निवांत हरिपाठ.” दुसऱ्याचे विहिरीचे कर्ज फिटायचे असते. तिसऱ्याचा भावाशी बांधावरून दावा चालू असतो. एखाद्या माउलीची सासू दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली असते आणि पंधरा दिवसांची वारी तिने कशीबशी मागून घेतलेली असते. ज्याचे त्याचे एक ‘मग’ ठरलेले आहे. प्रपंचाचा गलबला थांबेल, मग मन स्थिर होईल, मग देव.

हे ‘मग’ कधी येते का, याचा तपास आपल्या घरात करण्याआधी श्रीतुकाराममहाराजांच्या घरात करून पाहू. महाराजांचे चरित्र आपण कीर्तनातून इतक्यांदा ऐकले आहे की त्यातले प्रसंग सुटे सुटे आठवतात, पण कोणत्या गोष्टीनंतर कोणती घडली तो क्रम निसटतो. आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्या क्रमात आहे.

महाराजांचे घर आधी नीट पाहा. बहुतेक अभ्यासक त्यांचे जन्मसाल १६०८ धरतात. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले भाऊ सावजी, धाकटे कान्होबा. घराण्याचे मूळपुरुष विश्वंभरबाबा मोठे पंढरीचे वारकरी, देहूतले विठ्ठलाचे देऊळ त्यांच्यापासूनचे. घरी शेती, वाण्याचा धंदा, सावकारी, आणि वर देहूच्या पेठेच्या महाजनकीचे वतन. म्हणजे बाजारावर देखरेख करणारे, चार लोकांत शब्दाला वजन असणारे हे घर. तुकोबा गरीब होते असे आपण सरसकट म्हणतो, ते खरे नाही. ते गरीब झाले. ज्याच्याकडे कधी काही नव्हते त्याचे दुःख वेगळे आणि ज्याच्या दारात लोक उधारी मागायला येत होते त्याला स्वतः उधारी मागावी लागणे वेगळे.

पडझड दुष्काळाच्या आधीच सुरू झाली होती. आईवडील गेले. सावजींची पत्नी गेली आणि त्यांनी घर सोडून तीर्थाची वाट धरली. थोरला भाऊ असा निघून गेल्यावर सगळा व्यवहार तुकोबांच्या अंगावर आला. घरात दोन बायका होत्या. पहिल्या रखुमाई दम्याने बेजार असत, म्हणून पुण्याच्या गुळवे घराण्यातल्या जिजाई दुसऱ्या म्हणून आणलेल्या.

आणि मग १६३० साल उजाडले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, एवढे आपल्याला पाठ असते. पण त्याच वर्षी दख्खन आणि गुजरातेत पाऊस पडला नाही, हे लक्षात राहत नाही. निजामशाही मोडकळीला आली होती. दिल्लीचा बादशहा शहाजहान फौजफाट्यासह बुऱ्हाणपुरात तळ देऊन बसला होता. त्याच सुमारास विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. देहूपासून पुणे एका दिवसाच्या चालीवर. वर आभाळ कोरडे आणि खाली फौजा. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी त्या हिवाळ्यात सुरतेहून आग्र्याला निघाला होता. वाटेत प्रेतांनी भरलेले रस्ते आणि ओस गावे त्याने पाहिली, आणि बंजाऱ्यांच्या बैलांवर लादलेले धान्य बादशहाच्या लष्कराकडे चाललेले पाहिले, ते लिहून ठेवले आहे. शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी आपल्या धन्याचे गुण गाणारा होता, पण त्यालाही लपवता आले नाही. पिठात हाडांचा भुगा मिसळून विकत होते, आणि पुढे माणूस माणसाला खाईल अशी पाळी आली, असे तो सांगतो. बादशहाने बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये वाटायला लावले, वीस सोमवारांत एक लाख झाले, हेही त्याने नोंदवले आहे. एक लाख रुपये, आणि मुलुख गुजरातपासून विजापूरपर्यंतचा!

या दुष्काळात महाराजांचे काय झाले ते त्यांनी स्वतः सांगितले आहे. संतांनी विचारले म्हणून नाइलाजाने सांगतो, असे म्हणून आपली जात, धंदा आणि आयुष्यातल्या उलथापालथी एकामागून एक सांगणारा त्यांचा आत्मचरित्रपर अभंग आपल्या परिचयाचा आहे. पैसा गेला, मान गेला, आणि एक बायको अन्नासाठी हाका मारत गेली. ती रखुमाई. पाठोपाठ थोरला मुलगा संतू गेला, असे चरित्रकार सांगतात. महाराजांचे वय तेव्हा बावीस-तेवीस. आपल्या घरातल्या त्या वयाच्या मुलाकडे एकदा पाहा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. (जाता जाता आठवले म्हणून सांगतो. त्याच दुष्काळात, जून १६३१ मध्ये, बुऱ्हाणपूरच्या छावणीत बादशहाचीही बेगम गेली. तिच्यासाठी त्याने काय बांधले ते जगाला ठाऊक आहे. देहूच्या वाण्याने काय बांधले, तिकडे आपण येतोच आहोत.)

एवढे झाल्यावर महाराज भामचंद्राच्या डोंगरावर गेले. इंद्रायणीपलीकडे, चाकणच्या बाजूला असलेला हा डोंगर. आज त्याच्या पायथ्याशी कारखाने उभे आहेत आणि पाळी संपवून घरी निघालेले आपलेच वारकरी बंधू त्या रस्त्याने गाड्या हाकतात. तेव्हा तिथे रान होते. पंधरा दिवस महाराज तिथे एकटे होते, असे परंपरा सांगते. तिथेच त्यांना साक्षात्कार झाला असे आपण मानतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातले तुकोबा इथेच थांबतात. डोंगर, एकांत, झाडावेलींशी नाते सांगणारा तो सुंदर अभंग. शांती म्हटले की हेच चित्र डोळ्यांपुढे येते आणि लगेच मन म्हणते, आम्हाला कुठला डोंगर, आमच्या दोन खोल्यांत सहा माणसे. पण चरित्र तिथे थांबत नाही. कान्होबा शोधत शोधत वर आले. आणि महाराज त्यांच्याबरोबर खाली उतरले. खाली काही बदललेले नव्हते. गाव तेच, घरात गेलेल्यांच्या जागा रिकाम्या, जिजाई वाट पाहणाऱ्या, आणि कर्जखतांचे गाठोडे तसेच.

त्या गाठोड्याकडे जरा थांबून पाहू. दुष्काळानंतर सावकाराच्या घरातल्या खतांचा अर्थ काय उरतो? कर्जदारांपैकी काही मेले, काही परागंदा झाले, त्यांच्या नावाचा कागद म्हणजे नुसता कागद. पण जे जगले, ज्यांनी उपाशीपोटी पुन्हा नांगर धरला, त्यांच्या मानेवर तोच कागद जू होऊन बसतो. त्या काळी बापाचे कर्ज लेकाकडे येई, लेकाचे नातवाकडे. दुष्काळ सरल्यावरही एखाद्या घराचा दुष्काळ पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवण्याची ताकद त्या कागदात होती. महाराजांनी ते कागद इंद्रायणीत सोडले.

महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७७४ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तलीलामृता’त आणि पुढच्या चरित्रांत हा प्रसंग येतो, आणि त्यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. महाराजांनी सगळे कागद बुडवले नाहीत. आधी त्यांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मे कान्होबांच्या हाती दिले, तुझा प्रपंच तू पाहा म्हणून, आणि आपल्या वाटणीचे तेवढेच नदीला दिले. वैराग्य महाराजांना झाले होते, धाकट्या भावाला नव्हते. आपल्या वैराग्याचा खर्च त्यांनी भावाच्या अंगावर टाकला नाही. देवाधर्माला लागलेला माणूस घरच्यांना किती गृहीत धरतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वाटणीचे मोल वेगळे सांगायला नको. गाठोडे मोकळे झाले तेव्हा महाराजांचे मन हलके झाले असेल, तर त्या हलकेपणात कोणाचे शाप नव्हते.

आता यापुढचा क्रम पुन्हा त्या आत्मचरित्रपर अभंगातूनच घेऊ, कारण साक्षीदार तिथे स्वतः बोलतो आहे. दुष्काळ, बायकोचा मृत्यू, लाज, धंद्यातली तूट, हे सांगून झाल्यावर महाराज लगेच साक्षात्काराकडे उडी घेत नाहीत. देवाचे देऊळ मोडले होते, ते नीट करावेसे वाटले, असे ते सांगतात.

मन मोडलेल्या माणसाने पहिली गोष्ट केली ती ही. घराण्याचे देऊळ पडले होते, भिंती खचल्या होत्या. महाराजांनी स्वतः माती कालवून, दगड वाहून ते सावरले, असे चरित्रे सांगतात. पैसा नव्हताच, तेव्हा हातच लावायचे होते. कोणी गुरू अजून भेटलेला नव्हता. मंत्र मिळाला नव्हता. एकही अभंग स्फुरलेला नव्हता. होती ती माती आणि पाणी. ज्याने घरातली दोन माणसे गेलेली पाहिली आहेत त्याला रात्री झोप येत नाही, पण दिवसभर चिखल तुडवल्यावर येते, हे आपल्या खेड्यातली म्हातारी माणसे अजून सांगतात.

देवळानंतर एकादशीची कीर्तने. आणि इथे महाराज एक गोष्ट सांगतात ती आपण सगळ्यांनी, विशेषतः ज्यांना ध्यानाला बसले की मन पळते अशी तक्रार आहे त्यांनी, कान देऊन ऐकावी. सुरुवातीला मन अभ्यासात लागत नव्हते, असे ते मोकळेपणी कबूल करतात. तुकाराममहाराजांचे मन लागत नव्हते! मग त्यांनी संतांची थोडी वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. पुढे गाणारे गात, त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. संतांच्या पायांचे तीर्थ घेतले, लाज धरली नाही. शरीर कष्टवून जमेल तेवढा उपकार केला. लोकांचे बोलणे मनावर घेतले नाही, खऱ्याखोट्याला आपल्याच मनाला साक्षी ठेवले. एवढे सगळे झाल्यावर स्वप्नात गुरूंचा उपदेश झाला, आणि त्याच्याही पुढे कवित्व.

मागे उभे राहून ध्रुपद धरणे म्हणजे काय, ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. कीर्तनकार पुढे असतो, त्याला विषय मांडायचा असतो, दृष्टांत आठवायचे असतात. मागच्या टाळकऱ्याला काही सुचावे लागत नाही. चरण आला की उचलायचा आणि पुन्हा ध्रुपदावर यायचे. मन भरकटले तरी टाळ थांबत नाही, आणि शेजारचा थांबू देत नाही. भरकटलेले मन दर चरणानंतर आपोआप घरी येते. पुढे ज्यांच्या शब्दांवर लाखो लोक पंढरीची वाट चालणार होते, ते महाराज कित्येक एकादशा असे मागच्या रांगेत उभे होते. सातशे वर्षे आपल्या संप्रदायाने दुःखी माणसाला एकटे बसवले नाही, रांगेत उभे केले, याचे कारण मला तरी यात सापडते.

भंडाऱ्याचा डोंगर त्यांनी पुढेही सोडला नाही. ज्ञानेश्वरी, नाथभागवत, नामदेवरायांचे अभंग यांची पारायणे तिथे चालत. पण तो एकांत जाऊन यायचा होता. आणि तो एकांत कोणाच्या पायांवर उभा होता, हेही सांगितले पाहिजे. जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढत. कीर्तनात जिजाईला ‘आवली’ म्हणून हसण्याची आपल्याकडे सवय आहे, कर्कशा म्हणून. श्रोते हसतात, कीर्तनकाराला रंग चढतो. थोडा हिशेब करून पाहा. सवत उपाशी मेलेली डोळ्यांसमोर पाहिलेली बाई. घरात आलेले धान्य नवरा दारावरच्या याचकाला देतो. पुढे काशी, भागीरथी, गंगा, महादेव, विठोबा, नारायण अशी सहा लेकरे. ती ओरडली नसती तरच नवल. आणि ओरडूनही नवऱ्याच्या आधी न जेवता ती उन्हात डोंगर चढत असे, असे आपणच सांगतो. महाराजांना मिळालेल्या निवांतपणाची निम्मी किंमत या माउलीने चुकती केली आहे. घरात कोणी एक पारायणाला बसतो तेव्हा स्वयंपाकघरात कोण उभे असते, हे आपणही पाहावे.

आता एका अभंगाविषयी बोलणे भाग आहे. दिवाळे, दुष्काळ, बायकोचा स्वभाव, लोकांतला अपमान, अशी आपल्या आपत्तींची यादी करून महाराज त्या प्रत्येकीबद्दल देवाचे उपकार मानतात. हा अभंग आपण फार सहज वापरतो. कोणाचे पीक गेले, कोणाचा कर्ता मुलगा अपघातात गेला, की समाचाराला आलेला माळकरी गंभीर चेहऱ्याने हेच ऐकवतो. माझी विनंती आहे, असे करू नये. हे उपकार महाराजांनी स्वतःच्या दुःखाबद्दल मानले आहेत, शेजाऱ्याच्या नव्हे. आणि तेही माती कालवून, ध्रुपद धरून, मधली सगळी वर्षे चालून गेल्यावर. रखुमाई गेली त्या रात्री ते असे म्हणाले, हे कुठेही लिहिलेले नाही. दुसऱ्याच्या दारात दुष्काळ आलेला असताना महाराजांनी काय केले ते आपल्याला माहीत आहे, त्याचा कागद नदीत सोडला. समाचाराला जाताना अनुकरण त्याचे करावे.

दुसरेही एक. शांती म्हणजे पाणी संथ झाल्यासारखे मन, असे आपण समजतो आणि आपले तसे होत नाही म्हणून खंतावतो. गाथा उघडून पाहिली तर त्या अर्थाने तुकोबा शांत गृहस्थ नव्हते. ते देवाशी भांडतात, त्याला निलाजरा म्हणतात, त्याचे उणे काढतात. बाहेर जग आणि आत मन, या दोन्हींशी रात्रंदिवस आपली लढाई चालू आहे, असे सांगणारा अभंग तर प्रसिद्धच आहे. वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या विरोधामुळे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा महाराज नदीकाठी धरणे धरून बसले. तेरा दिवस. ज्या नदीत आपण होऊन खते सोडली तीच नदी, पण या वेळी हातातून काढून घेतलेले. त्या वेळच्या अभंगांत समाधानी माणूस दिसत नाही. आपले काही चुकले का, आपण देवाला उगाच अडचणीत टाकले का, या विचाराने कासावीस झालेला माणूस दिसतो. मग वह्या तरल्या. रामेश्वरभट पुढे शिष्य झाले.

एवढे होऊनही ते कासावीस मन देवापासून दूर गेले नाही. त्याची भांडणेही त्याच्याच उंबऱ्यावर झाली. महाराजांच्या शांतीची जागा मला इथे दिसते. ज्याला काही बोलायचे त्याच्याशीच बोलायचे, हे एकदा ठरून गेले होते. म्हणून सिऊरच्या बहिणाबाईंसारखी बाई, जिला भक्तीपायी नवऱ्याचा मार खावा लागला होता, ती देहूला आली, देवळात राहिली, महाराजांचे कीर्तन ऐकत राहिली. तिथेही मंबाजी गोसाव्याचा जाच तिला चुकला नाही. तो आपला शेजार, आपला जाच, आपले कीर्तन, हे सगळे तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत एकाच दमात लिहून ठेवले आहे. जाच संपल्यावर कीर्तन सुरू झाले, असे त्यात नाही.

शेवटी कान्होबांचे सांगायचे राहिले. निम्म्या खतांचे गाठोडे घेऊन जो भाऊ प्रपंचात राहिला, त्याचे पुढे काय झाले? उधारी वसूल करणे, घर चालवणे, भावाच्याही मुलाबाळांकडे पाहणे, हे त्यांच्या वाट्याला आले. दोन वाटण्यांत कमी वाटणी त्यांची, असे आपण नकळत समजून चालतो. पण गाथेत ‘तुकयाबंधु’ या नावाचे अभंग आहेत ते त्यांचेच मानले जातात. महाराज गेल्यावर कान्होबांनी जो आकांत केला तोही तिथेच आहे. माझा भाऊ परत दे म्हणून ते विठ्ठलाला धरून बसतात, बोल लावतात, अगदी थोरल्या भावाच्याच तोंडची भाषा वापरतात. हिशेबाची वही आणि हा आकांत एकाच हाताने लिहिलेला आहे. पुढच्या वेळी गाथा उघडाल तेव्हा ती पाने शोधा, आणि घरात जो कोणी दिवसभर पैशाच्या विवंचनेत असतो, त्याला शेजारी बसवून वाचा.